ग्लो प्लगवरचा आळ : एका जुन्या वादाचा आढावा

दोन-स्ट्रोक स्कूटरच्या जमान्यात वाढलेल्या माणसाला प्लग साफ करायला कुणी शिकवावं लागत नसे. किक मारून पाय भरून आला की पान्याने प्लग काढायचा, पॉलिश पेपरने घासायचा, फटीतून ब्लेड फिरवायचं आणि परत बसवायचा. हीच सवय घेऊन माणूस मॉडेल विमानाच्या छोट्या इंजिनाकडे वळला की पहिल्याच खेपेला ग्लो प्लगचं वाटोळं करून बसतो. स्कूटरच्या प्लगवर काजळी धरली की ती वीज वाहून नेते, ठिणगी फटीत पडायच्या ऐवजी काजळीवाटे निसटते आणि गाडी बंद पडते. ग्लो प्लगमध्ये फटही नाही आणि ठिणगीही नाही. आहे ती केसापेक्षा थोडी जाड अशी प्लॅटिनम मिश्रधातूची तार, एका खोबणीत वेटोळं करून बसवलेली. तिला घासलं की ती वाकते, वेढे एकमेकांना चिकटतात, नाही तर तुटतात.

तरीही ग्लो प्लग ‘मळतो’ ही तक्रार मैदानावर रोज ऐकू येते. इंजिन सुरू होतं, बॅटरीची क्लिप काढली की खोकतं आणि बंद पडतं. किंवा पूर्ण थ्रॉटलवर छान चालतं, पण आयडलवर आणलं की दहा-पंधरा सेकंदांत मान टाकतं. दोन्ही वेळा बोट प्लगकडेच जातं. मळणं म्हणजे नेमकं काय, ते कशामुळे होतं आणि मळलेला प्लग पुन्हा कामाला येतो का, या तीन प्रश्नांवर छांदिष्टांमध्ये पाऊणशे वर्षं चर्चा चालू आहे. तिच्यातलं काय टिकलं आणि काय अजून लटकलेलं आहे, ते पाहू.

ठिणगी गेली, तार आली

1930च्या दशकात अमेरिकेत मॉडेल विमानांसाठी पेट्रोल इंजिनं आली. ब्राउन ज्युनियर हे त्यांतलं सर्वांत गाजलेलं नाव. त्यांना ठिणगी लागे. म्हणजे कॉइल, कंडेन्सर, कॉन्टॅक्ट पॉइंट आणि बॅटरी हा सगळा बाडबिस्तरा विमानाने पोटात घेऊन उडायचा. युरोपने वेगळी वाट धरली. ईथर, रॉकेल आणि एरंडेल यांच्या मिश्रणावर चालणारी, केवळ दाबाने पेट घेणारी इंजिनं तिथे रुजली. त्यांना ‘डिझेल’ म्हणत, जरी त्यांत डिझेलचा थेंब नसे.

1947 मध्ये रे आर्डन या अमेरिकी तंत्रज्ञाने ग्लो प्लग बाजारात आणला आणि चित्र पालटलं. सुरुवातीला दीड व्होल्टच्या सेलने तार लाल करायची, इंजिन लागलं की सेल काढून घ्यायचा. पुढे तार आपली आपण तापलेली राहते. विमानावर कॉइल नको, बॅटरी नको. वजन उतरलं, किंमत उतरली, आणि काही वर्षांतच ठिणगीची छोटी इंजिनं मागे पडली.

तार तापलेली का राहते, याचं मूळ बरंच जुनं आहे. हम्फ्री डेव्हीने 1817 मध्ये दाखवलं होतं की गरम प्लॅटिनमची तार ज्वलनशील वायू आणि हवेच्या मिश्रणात धरली, तर ज्योत नसतानाही ती लाल राहते. प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर वायूचं ऑक्सिडेशन होतं आणि त्यातून निघणारी उष्णता तारेलाच मिळते. मिथेनॉलच्या वाफेशी प्लॅटिनमचं हे नातं विशेष चांगलं जुळतं. म्हणून ग्लो इंजिनाचं इंधन म्हणजे मुख्यतः मिथेनॉल, त्यात साधारण पंधरा ते वीस टक्के तेल आणि जोडीला हवं तेवढं नायट्रोमिथेन. स्कूटरच्या पेट्रोलात दोन ते चार टक्के तेल पडे, हे आठवलं की या छोट्या तारेवर किती तेलाचा मारा होतो ते ध्यानात येईल. त्यातलं बरंचसं जळतच नाही. मफलरमधून बाहेर पडून विमानाच्या अंगावर बसतं.

दुसरी गोष्ट अशी, की ग्लो इंजिनात प्रज्वलनाची वेळ ठरवणारा भागच नाही. तार किती गरम, दाब किती, इंधनात नायट्रो किती, मिश्रण रिच (इंधन जास्त) की लीन (इंधन कमी), पंखा किती जड, या सगळ्यांच्या जुळणीतून ती वेळ आपोआप ठरते. यांतलं एक बदललं की बाकीचं सरकतं. दोष शोधणं अवघड होतं ते याचमुळे: कुठेही बिघाड झाला तरी लक्षण प्लगपाशीच दिसतं.

ओली तार, माखलेली तार, मेलेली तार

या विषयावरचं बरंचसं भांडण तीन वेगळ्या अवस्था एकाच नावाखाली मोजल्यामुळे झालं आहे, असं माझं मत आहे.

पहिली अवस्था ओल्या तारेची. सिलिंडरमध्ये इंधन जास्त झालं की तारेवर द्रव साचतो. मिथेनॉल वाफ होताना फार उष्णता शोषतं, त्यामुळे तार गार पडते. यात तारेचं काहीच बिघडलेलं नसतं. प्लग काढला, पंखा दोन-चारदा फिरवून जादा इंधन बाहेर काढलं, प्लग पुसून परत लावला की काम होतं. ज्यांच्याकडे अँपिअर मीटर असलेला पॅनेल आहे त्यांना ही अवस्था प्लग न उघडताही कळते. प्लॅटिनमचा विद्युत्-रोध तापमानाबरोबर वाढतो. तार गार असली की रोध कमी, म्हणून करंट जास्त. साधारण तीन अँपिअरच्या आसपास असणारा काटा वर चढून बसला, तर तार ओली आहे. द्रव उडून गेला की काटा हळूहळू खाली येतो. काटा शून्यावर असेल तर तार तुटली, किंवा क्लिप नीट बसलेली नाही.

दुसरी अवस्था माखलेल्या तारेची. तेलाचा जळका थर, तपकिरी व्हार्निश, काळा कार्बन हे सगळं तारेवर आणि खोबणीत बसतं. तार झाकली गेली की मिथेनॉलची वाफ प्लॅटिनमपर्यंत पोचत नाही. सेल लावला की तार लाल दिसते, पण सेल काढला की स्वतःच्या जिवावर टिकत नाही. नवीन इंजिनात याचाच एक उपप्रकार दिसतो. रनिंग-इनच्या काळात पिस्टन-लायनरमधून सुटलेले धातूचे बारीक कण तारेवर येऊन चिकटतात. म्हणूनच इंजिन मोकळं झालं की पहिला प्लग काढून नवा लावावा, असा सल्ला बहुतेक जाणकार देतात. यावर फारसा वाद नाही.

तिसरी अवस्था मेलेल्या तारेची. तार अखंड आहे, स्वच्छ आहे, सेलवर झगझगीत पेटते, पण चकाकी गेलेली आहे. रंग राखाडी आणि पोत दुधी काचेसारखा. उत्प्रेरक म्हणून तिचं काम संपलेलं असतं. सिलिकॉन, शिसं, गंधक, फॉस्फरस यांमुळे प्लॅटिनमची उत्प्रेरक शक्ती मंदावते, हे रसायनशास्त्रात सर्वमान्य आहे. सततच्या लीन मिश्रणाने, अतितापमानानेही तारेचा पृष्ठभाग खराब होतो. या अवस्थेने सर्वांत जास्त माणसं फसतात, कारण ‘हातात धरून पाहिला, पेटतो’ ही चाचणी इथे निरुपयोगी आहे. हातात पेटणारा प्लग एवढंच सांगतो की तार तुटलेली नाही.

बारकाईने पाहणारे लोक भिंगाखाली तार वाचतात. चकचकीत तार म्हणजे ठीक. काळपट चिकट असेल तर मिश्रण रिच किंवा तेल जास्त. लालसर तपकिरी धूळ दिसली तर बेअरिंगचा गंज आत फिरतोय. मिथेनॉल जळताना पाणी आणि थोडं फॉर्मिक आम्ल तयार होतं, त्यामुळे इंजिन तेल न घालता ठेवलं की बेअरिंग गंजतंच. तार वाकून बाहेर आलेली किंवा आत दाबली गेलेली असेल तर दाब जास्त, प्रज्वलन फार लवकर. हेडखाली एक शिम (पातळ चकती) वाढवून पाहावी. आणि प्लगमागून प्लग तुटत असतील तर प्लग बदलत बसण्यात अर्थ नाही, लायनरचा मुलामा किंवा बेअरिंग सुटतंय का ते उघडून पाहावं.

आधी प्लग की आधी सुई?

बिघाड शोधायचा क्रम काय असावा, यावर दोन पक्ष आहेत.

पहिला पक्ष म्हणतो, आधी प्लग बदला. युक्तिवाद सरळ आहे: इंजिनातला हाच एक भाग झिजायचाच आहे, तो दोन मिनिटांत बदलता येतो, आणि नवा चांगला प्लग लावल्यावरही तीच तक्रार राहिली तर एक संशयित कायमचा बाद होतो. नीडल व्हॉल्वची सुई फिरवत बसलं तर बिघडलेल्या प्लगला सांभाळून घेणारी चुकीची सेटिंग होते, आणि मग दोन दोष एकात एक अडकतात. मैदानावर हातात वेळ कमी असताना हा युक्तिवाद वजनदार आहे.

दुसरा पक्ष म्हणतो, आधी मिश्रण पाहा. नवा प्लग जोमदार असतो. रिच आयडल, कमजोर बॅटरी, गळकी ओ-रिंग हे सगळं तो काही उड्डाणं निभावून नेतो. माणसाला वाटतं इलाज झाला. आठवडाभराने तक्रार परत येते आणि आणखी एक प्लग कचऱ्यात जातो. यांच्या मते ‘मळलेला प्लग’ हे बहुतेक वेळा लक्षण असतं, रोग नव्हे. रोग कमी वेगाच्या सुईत असतो. त्यांची आवडती चाचणी अशी: आयडलवर चालणाऱ्या इंजिनाची इंधनाची नळी कार्ब्युरेटरजवळ क्षणभर दाबायची. वेग बराच वाढून मग इंजिन बंद पडलं तर आयडल रिच. न वाढता लगेच बंद पडलं तर लीन. किंचित वाढून बंद पडलं तर सेटिंग योग्य.

दोन्ही पक्षांत समाईक असलेली एक चाचणी मात्र स्वतःच वादग्रस्त आहे. इंजिन चालू असताना सेलची क्लिप काढायची आणि वेग पडतो का ते ऐकायचं. (पंख्याच्या मागे उभं राहूनच. पुढून हात घालणाऱ्यांच्या बोटांवरचे टाके मैदानावरच्या नवख्यांना दाखवले जातात, तेही शिक्षणच.) वेग लक्षणीय पडला तर प्लग गेला, असा सर्रास निष्कर्ष काढतात. पण वेग पडण्याची निदान चार कारणं संभवतात: तार मेलेली, प्लग इंजिनाच्या मानाने फार थंड जातीचा, मिश्रण रिच, किंवा दाब कमी. ही चाचणी इतकंच सांगते की तारेला स्वतःच्या बळावर पुरेशी उष्णता मिळत नाही. का मिळत नाही, ते सांगत नाही.

वेगाचा हिशेब केला की आयडलवरच गोची का होते ते कळतं. दोन-स्ट्रोक इंजिन मिनिटाला 12,000 फेऱ्यांनी फिरत असेल तर दर पाच मिलिसेकंदांनी एक स्फोट होतो. तार गार पडायला वेळच नाही. तेच 2,500 वर आणलं की दोन स्फोटांमध्ये चोवीस मिलिसेकंद जातात. चार-स्ट्रोक इंजिनात दुप्पट, म्हणजे अठ्ठेचाळीस. जपानच्या ओ.एस. कंपनीने 1976 मध्ये एफएस-60 हे चार-स्ट्रोक इंजिन आणलं, तेव्हापासून या इंजिनांसाठी उष्णता धरून ठेवणारे वेगळे प्लग लागू लागले, ओ.एस.चा ‘टाइप एफ’ हा त्यांतला सर्वांत परिचित. चार-स्ट्रोकमध्ये साधा प्लग लावून ‘तो मळला’ म्हणणं हा प्लगवर अन्याय आहे. इंजिन उलटं, म्हणजे हेड खाली करून बसवलं असेल तर तेल गुरुत्वाकर्षणाने थेट तारेवर येतं. अशा विमानांत कमी थ्रॉटलवर तारेला वीज देणारी बॅटरी आतच बसवणं हा आज रूढ उपाय आहे. त्याला ‘कुबडी’ म्हणणारे कडवे लोकही आहेत.

खोबणीच्या तोंडावर छोटी पट्टी असलेले ‘आयडल बार’ प्लग याच कारणासाठी निघाले. कच्च्या इंधनाचा फवारा थेट तारेवर बसू नये, ही कल्पना. जुन्या, पिस्टनवर उंचवटा असलेल्या इंजिनांत त्यांचा उपयोग होई. नव्या श्न्यूर्ले पोर्टिंगच्या इंजिनांत त्यांची गरज पडत नाही, असं आता बहुतेकांचं मत आहे.

महाराष्ट्रातल्या छांदिष्टाला यात एक जादा गणित सोडवावं लागतं. मुंबईच्या समुद्रसपाटीवर जुळवलेलं इंजिन पुण्याला, साडेपाचशे मीटरवर नेलं की हवा सुमारे सहा टक्के विरळ होते आणि तीच सुई रिच ठरते. पावसाळी हवेत तर आणखी एक भानगड. मिथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि झाकण सैल राहिलेल्या कॅनमधलं इंधन गणपतीपर्यंत कितपत शुद्ध राहिलं असेल याचा भरवसा नाही. पाण्याने तार गार पडते, ज्वलन मंदावतं, लक्षणं मात्र पुन्हा मळलेल्या प्लगचीच. किती टक्के पाण्याने इंजिन कुरकुरायला लागतं, यावर एकमत नाही. थोड्या पाण्याने काही बिघडत नाही म्हणणारे आहेत, आणि प्रत्येक अनाकलनीय बिघाडाचं खापर ओलाव्यावर फोडणारेही आहेत. नव्या सीलबंद कॅनमधून एक टाकी भरून पाहणं हा वाद मिटवायचा सर्वांत स्वस्त मार्ग.

एरंडेलाचा खटला

सर्वांत कडाक्याचा वाद तेलावर आहे, आणि त्यात भारताचा संबंध थेट येतो. जगातलं बहुतांश एरंडेल भारतात, त्यातही गुजरातेत पिकतं.

एरंडेल या इंजिनांत आलं ते योगायोगाने नाही. बहुतेक वनस्पती तेलं आणि खनिज तेलं मिथेनॉलमध्ये मिसळत नाहीत. एरंडेल मिसळतं, कारण त्यातल्या रिसिनोलेइक आम्लाला हायड्रॉक्सिल गट असतो. पहिल्या महायुद्धातल्या रोटरी विमान इंजिनांतही तेच वापरत. ते फार तापलं तर जळून नाहीसं होत नाही, उलट घट्ट होऊन धातूला चिकटून राहतं. इंजिन लीन गेलं, तापलं, तरी पिस्टन आणि लायनर यांच्यामध्ये काहीतरी उरतं. नेमका हाच गुण प्लगच्या मुळावर येतो. जे घट्ट होऊन चिकटतं, तेच तपकिरी व्हार्निश होऊन पिस्टनवर, हेडवर आणि तारेवर बसतं.

सिंथेटिक तेलं, मुख्यतः पॉलीअल्किलीन ग्लायकॉल जातीची, स्वच्छ जळतात. इंजिन आतून चकचकीत राहतं, प्लग जास्त दिवस टिकतो, विमान पुसायला सोपं जातं. आक्षेप असा की इंजिन लीन जाऊन तापलं, तर ऐन गरजेच्या क्षणी हे तेल जळून जातं. शिवाय ही तेलं पाणी ओढतात.

एरंडेलाच्या बाजूने अमेरिकेतल्या फॉक्स कंपनीचे ड्यूक फॉक्स आयुष्यभर उभे राहिले. त्यांच्या इंजिनांत साधी ब्राँझ बुश बेअरिंग असत आणि त्यांना एरंडेलाचं भरपूर प्रमाण लागे. त्यांच्या दृष्टीने मळलेला प्लग ही किरकोळ किंमत होती. जाम झालेलं इंजिन ही मोठी. सिंथेटिकच्या बाजूचे लोक म्हणतात, तो हिशेब त्या काळच्या धातूंचा आणि बेअरिंगांचा होता. आज बॉल बेअरिंग आणि नेमक्या मिश्रधातूंचे पिस्टन-लायनर असताना एवढं एरंडेल म्हणजे नुसता चिखल.

दोन्हींच्या मधली वाट आज सर्वांत रहदारीची आहे: बहुतांश सिंथेटिक, थोडं एरंडेल. ती शास्त्रशुद्ध तडजोड आहे की केवळ दोन्हीकडच्यांची समजूत, हे सांगणं कठीण. माझा कल तडजोडीकडे आहे, एका कारणाने. एरंडेलाचा थर धरण्याचा वेग त्याच्या प्रमाणाइतकाच, किंबहुना जास्त, मिश्रणावर अवलंबून असतो. लांब वेळ रिच आयडलवर ठेवलेलं इंजिन थोड्या एरंडेलावरही तार माखवतं, आणि नीट जुळवलेलं इंजिन वीस टक्के एरंडेलावरही महिनोन्महिने एकच प्लग चालवतं. वेगाच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत 80 टक्के मिथेनॉल आणि 20 टक्के तेल असं ठरावीक इंधन वापरतात. त्यात नायट्रोचा आधार नसतो आणि तरी इंजिनं चालतात.

भारतीय वापरणाऱ्यांनी यात आणखी एक पदर जोडला आहे तो एरंडेलाच्या दर्जाचा. घाण्याचं कच्चं तेल, बाजारात ‘फर्स्ट स्पेशल ग्रेड’ म्हणून मिळणारं शुद्ध केलेलं तेल आणि औषधाच्या दुकानातली बाटली, ही तीन वेगळी तेलं आहेत. कच्च्या तेलात डिंकासारखे पदार्थ राहतात, आणि थर धरायला ते हातभार लावतात. एरंडेलाला झोडपणारे आणि डोक्यावर घेणारे कधी कधी वेगवेगळ्या तेलांबद्दल बोलत असतात.

इंधन घरी मिसळणाऱ्यांना एक गोष्ट पुन्हा सांगायला हवी. मिथेनॉल कातडीतून आणि श्वासातून शरीरात जातं, डोळे घालवतं, जीव घेतं. 2015 मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसं गेली, त्या दारूत हेच होतं. राज्यात त्याच्या खरेदीवर आणि साठ्यावर विषविषयक नियमांचं बंधन आहे. त्याची ज्योत दिवसाउजेडी दिसतही नाही.

नायट्रो आणि प्लगची जात

नायट्रोमिथेन स्वतःबरोबर ऑक्सिजन घेऊन येतं. मिथेनॉलला पूर्ण जळायला वजनाच्या साडेसहा पट हवा लागते, नायट्रोमिथेनला जेमतेम पावणेदोन पट पुरते. म्हणून त्याच हवेत जास्त इंधन जळतं, आयडल स्थिर होतं, सुईच्या चुका खपतात. अमेरिकेत दहा-पंधरा टक्के नायट्रो सर्रास. युरोपात आणि भारतात ते महाग, म्हणून पाच टक्के किंवा शून्य. युरोपीय संघाने तर 2019च्या नियमावलीने सोळा टक्क्यांवरचं नायट्रोमिथेन परवान्याविना सामान्य नागरिकाला बंद केलं, स्फोटकांच्या भीतीने. परिणामी जास्त नायट्रो गृहीत धरून कमी दाबाचं बनवलेलं इंजिन शून्य नायट्रोवर चालवलं की तार पुरेशी तापत नाही, आणि दोष पुन्हा प्लगवर येतो. अशा वेळी गरम जातीचा प्लग किंवा हेडखालची एखादी शिम कमी करणं हा उपाय.

प्लगच्या जातींचं कोडं मात्र कुणालाच समाधानकारकपणे सुटलेलं नाही. गरम, मध्यम, थंड असं सगळेच लिहितात, पण एन्या, रॉसी आणि ओ.एस. या कंपन्यांच्या प्लगांवरच्या आकड्यांना जोडणारी समाईक पट्टी नाही. एकाचा ‘गरम’ दुसऱ्याचा ‘मध्यम’ असू शकतो.

साफ करावा का?

इथे अनुभव एकमेकांना सरळ छेद देतात. फेकून द्या म्हणणारे सांगतात: प्लग स्वस्त, इंजिन आणि विमान महाग, डेड-स्टिक, म्हणजे इंजिन बंद पडून, उतरताना मोडलेल्या पंखांच्या मानाने प्लगची किंमत काहीच नाही. साफ करा म्हणणाऱ्यांत भारतातले बरेच आहेत, कारण आयात केलेला प्लग इथे तितकासा स्वस्त पडत नाही आणि हवा तेव्हा मिळतही नाही. एनसीसीच्या हवाई शाखेत किंवा कॉलेजच्या कार्यशाळेत शिकणाऱ्या मुलाला तो जपूनच वापरावा लागतो.

तीन अवस्था वेगळ्या काढल्या तर इथला बराच धुरळा खाली बसतो. ओली तार पुसली की झाली. माखलेल्या तारेवरचं ताजं तेल मिथेनॉलने किंवा अ‍ॅसिटोनने निघतं. जुनं व्हार्निश त्यांना दाद देत नाही. ते सेलवर काही मिनिटं लाल ठेवून जाळावं लागतं. गॅस लायटरच्या ज्योतीतही काही जण जाळतात, त्यात तार खराब होण्याचा धोका असतो. टाचणीने कोरणं, ब्रश मारणं यात तार बिघडण्याचीच शक्यता जास्त. तीव्र आम्लांचे घरगुती प्रयोग सांगितले जातात. हात आणि डोळे धोक्यात घालण्याजोगी ही वस्तू नाही. दुधी राखाडी झालेल्या तारेवर मात्र यातलं काहीच चालत नाही. ‘मी साफ केला आणि चालला’ व ‘मी साफ केला आणि नाही चालला’ अशी दोन्ही विधानं खरी असू शकतात, कारण दोन प्लगांचे आजार वेगळे होते.

काय अजून लटकलेलं आहे

सर्वांत मूलभूत प्रश्न असा: चालू इंजिनात तार गरम ठेवण्यात उत्प्रेरणाचा वाटा किती, आणि नुसत्या दाबाच्या व मागच्या स्फोटाच्या उष्णतेचा किती? पूर्ण वेगात तार तुटली तरी इंजिन चालत राहिल्याचे आणि थ्रॉटल कमी करताच बंद पडल्याचे अनुभव बरेच जण सांगतात. ते खरे असतील तर वरच्या वेगात उष्णताच पुरते आणि उत्प्रेरण लागतं ते खाली. मग मेलेल्या तारेचा प्लग पूर्ण थ्रॉटलवर निर्दोष का वाटतो, याचंही उत्तर मिळतं. पण हे तर्काने जुळतं, मोजून सिद्ध झालेलं नाही. नखाएवढ्या ज्वलनकक्षात, मिलिसेकंदांच्या हिशेबात तारेचं तापमान मोजणं सोपं नाही, आणि एका छंदासाठी प्रयोगशाळा त्यात पैसा घालत नाहीत.

राखाडी तारेवर नेमकं काय बसतं हेही असंच अर्धवट राहिलं आहे. संशयितांत पिस्टनच्या मिश्रधातूतलं सिलिकॉन आहे, इंधनात फेस होऊ नये म्हणून घातलेलं सिलिकॉन तेल आहे, आणि प्लॅटिनमच्या पृष्ठभागाची उष्णतेने झालेली झीज आहे. बहुतेक दावे एकेका इंजिनावरच्या निरीक्षणावर उभे आहेत.

लिथियम बॅटऱ्या आणि ब्रशलेस मोटारींनी गेल्या दोन दशकांत छोट्या विमानांतून ग्लो इंजिनाला बरंच हटवलं. कॉलेजच्या स्पर्धांतही मोटार आली. हा प्रश्न आता जुन्या इंजिनांपुरता उरला, असं त्यामुळे वाटू लागलं होतं. तेवढ्यात ओ.एस.ने पेट्रोलवर चालणारी ग्लो इंजिनं बाजारात आणली. पेट्रोल स्वस्त, सगळीकडे मिळतं, मिथेनॉलचे परवाने नकोत. पण पेट्रोलच्या वाफेशी प्लॅटिनमचं मिथेनॉलइतकं जुळत नाही, म्हणून कमी वेगात तारेला बॅटरीचा आधार द्यावा लागतो. आणि पेट्रोल जळताना मिथेनॉलपेक्षा कितीतरी जास्त काजळी धरते. या इंजिनांत माखलेली तार आणि मेलेली तार यांचं प्रमाण काय राहील, आणि सतत वीज मिळणाऱ्या तारेच्या बाबतीत उत्प्रेरणाचा मुद्दा कितपत उरतो, हे ती इंजिनं पुरेशी वर्षं चालल्यावरच कळेल.